शिल्लक मास्तर आणि तीन थेंब तेल

या वेळी माझं नको लिहूस, भावजींचं लिही. म्हणजे तुझे धाकटे आजोबा, माझे दीर. त्यांचं सांगितलं होतं मी तुला मागच्या साली, पण ते तुझ्या लॅपटॉपच्या त्या बिघडलेल्या डबीतून निघालंच नाही म्हणतेस ना? मग परत सांगते. आणि या खेपेला जरा जास्तच सांगते, कारण मधे एक गोष्ट घडलीय ती तुझ्या बाबाला ठाऊक नाही. तुलाही नाही. मधेच लिहायचं थांबवू नकोस. ओरडायचं ते शेवटी ओरड.

मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी पंधरा वर्षांचे. नुसती काडी. खिशात कायम एक पेचकस, त्यानं सगळ्या चड्ड्यांचे खिसे फाटलेले, आणि ते शिवायचं काम आल्या आल्या माझ्याकडे. घरात कुलूप म्हणू नको, टॉर्च म्हणू नको, त्यांनी खोलून बघितली नाही अशी एक वस्तू नव्हती. खोलायचे झटक्यात, लावायचे दोन दिवसांनी.

माझ्याबरोबर माहेराहून एकच मोठी वस्तू आली होती, आईचं शिलाई मशीन. हातानं फिरवायचं, काळं, चाकाची मूठ लाकडाची. आईनं त्यावर लोकांचे कपडे शिवून आम्हा चौघी बहिणींना वाढवलं. मी निघाले तेव्हा ती म्हणाली, हे तू ने, तुझा हात माझ्यासारखा पडतो.

येऊन आठ दिवस झाले नसतील. मी विहिरीवरून पाणी घेऊन आले तर काय, मशीनचं पोट उघडं, सगळी आतडी चटईवर, आणि मधोमध भावजी. मला बघून पांढरेफटक. म्हणाले, "वहिनी, आत काय असतं तेच बघत होतो." म्हटलं, "बघितलंत ना? आता लावा." लावलं. घाम पुसत पुसत लावलं. आणि हातात एक स्क्रू उरला.

तेवढ्यात सासूबाई आल्या. सासूबाईंचा आवाज म्हणजे तीन घरं सोडून कळायचं आज कोणाची पाळी आहे ते. "कुणी खोललं हे?" भावजी माझ्या पदराआड. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच खोललं, सासूबाई. तेल द्यायला." मग काय विचारतेस! सून आली की मशीन मोडायला आली, आईनं हेच शिकवलं का, आणि काय काय. मी मान खाली घालून ऐकलं. भावजींनीही ऐकलं.

तीन दिवस तो मुलगा जेवायलासुद्धा धड बसला नाही. मशीन घेऊन कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी टाका पडायला लागला, पहिल्यापेक्षा बारीक. स्क्रू मात्र उरला तो उरलाच. म्हणाले, "वहिनी, याची जागाच नाही सापडत. पण चालतंय ना?" चालत होतं. अजून चालतं.

तेव्हाच मी त्यांना एक सांगितलं. म्हटलं, भावजी, मी कापड कापते तेव्हा हा बाहीचा, हा गळ्याचा, असं कागदाला टाचणी लावून ठेवते. नाहीतर माझ्या हातात पण एक बाही उरेल. तुम्ही का नाही तसं करत? त्या दिवसापासून जे सुरू केलं ते आजतागायत. आधी टेबलावर पांढरा कपडा, त्यावर कागद, कागदावर त्या यंत्राचं चित्र, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चित्रात टोचून ठेवायचा. रेडिओ असो, टेप असो, टीव्ही असो. लोक म्हणायचे, मास्तर, दुरुस्ती करताय की भरतकाम?

आणि एवढं करून शेवटी एक उरायचाच! काय त्यांचं नशीब असेल ते असो. पुढे दुरुस्तीचं दुकान टाकलं, तिथे पावडरचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात टाकायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, हा राहिला की." हे म्हणायचे, "कंपनीनं जास्तीचा लावला होता." तेव्हापासून सगळ्या गल्लीत ते शिल्लक मास्तर. माझी धाकटी जाऊ तर म्हणायची, "माझं ऑपरेशन करायचं ठरलं तर डॉक्टरांच्या आसपास यांना फिरकू देऊ नका हो, माझं काहीतरी त्या डब्यात जाईल." फार हसायची ती. ती गेल्यावर भावजी दुकानातच जास्त बसायला लागले. रेडिओ संपले, टेप संपले, मोठे टीव्ही संपले. लोकांना वाटलं आता हे दुकान बंद करतील. यांनी पन्नाशी उलटल्यावर लोकांचे मेलेले लॅपटॉप आणले आणि खोलून बसले. पंधरा वर्षांचे होते तसेच. मी जेवणाचा डबा घेऊन गेले की चष्मा वर करून म्हणायचे, "वहिनी, आत काय असतं तेच बघतोय."

आता ती गोष्ट.

तुझा लॅपटॉप कट-कट करायला लागला होता, आठवतं? आधी थोडं, मग सारखं. तू म्हणालीस, परीक्षा झाली की बघते. मी दुपारी घरात एकटी. ते पडलंय टेबलावर, चालू, आणि कट-कट, कट-कट. मला ऐकवेना. अगं, ज्यात माझं सगळं बोलणं तू दोन वर्षं बसून लिहून ठेवलंस, ते असं कण्हत पडलेलं. मला वाचता येत नाही, पण तुला सांगते, मी रोज एकदा त्याच्यावरून फडकं फिरवायची. आणि मला आता सगळं आठवत नाही. तुला खोटं कशाला सांगू. आईकडे शिवायला कोण कोण बायका यायच्या, घराला खिडक्या किती होत्या, हे तुला सांगितलं तेव्हा आठवत होतं. आता शोधायला गेले की हाताला लागत नाही. मनाशी म्हणायचे, असू दे, डबीत आहे.

आणि मशीन कट-कट करतं तेव्हा त्याला काय हवं असतं? तेल. आयुष्यभर मला हेच ठाऊक. बाजूला ती बारीक जाळी आहे ना, गरम वारा येतो तिथून? मी शिलाईच्या तेलाची कुपी आणली आणि तीन थेंब सोडले. तीनच.

हां, बघ, थांबलीस. लिही पुढे.

दुसऱ्या दिवशी तू बटण दाबलंस आणि काळ्यावर पांढरी अक्षरं आली. बाबा म्हणाला, "जुनंच होतं, भंगारात दे, नवा घेऊ." आणि तू रडलीस. "आजीचं सगळं त्यातच आहे, मी दुसरीकडे कुठेच ठेवलं नाही." मी भाजी निवडत होते. हात चालत होते, तोंड उघडेना.

मी उठले, ते कापडी पिशवीत घातलं आणि दुकानात गेले. भावजींना एवढंच म्हटलं, "बघा जरा." आता त्यांचा हात थोडा थरथरतो, पण पेचकस धरला की थांबतो, कसा ते देव जाणे. पांढरा कपडा, कागद, चित्र. लॅपटॉप पालथा घातला, आधी बॅटरी काढली. एकेक स्क्रू टोचत गेले. झाकण उचललं आणि तसेच थांबले. खाली वाकून वास घेतला.

"वहिनी, हा वास माझ्या ओळखीचा आहे."

मी दाराकडे बघायला लागले.

"किती थेंब?"

"तीन," म्हटलं. आणि मग जो बांध फुटला! पदर तोंडात धरून रडले, म्हातारी बाई, भर दुकानात. म्हटलं, भावजी, मीच मारलं त्याला. पोरीच्या दोन वर्षांची मेहनत, माझी आई, सगळं मीच मारलं.

ते शांतपणे कापूस घेऊन पंख्याजवळचं तेल पुसत बसले. धूळ तेलात भिजून वात झाली होती नुसती. मग एक चपटी डबी बाहेर काढली, तळहाताएवढी. "ही बघा. आठवणी यात असतात. ही सीलबंद आहे, तुमचं तेल इथवर आलंच नाही, पंख्यापाशीच बसलं. हिच्यात तबकडी असते, आणि वर एक सुई. सुईला घर सापडत नाहीये, म्हणून ती जाते आणि परत येते. तीच कट-कट. तुमच्या तेलाच्या आधीपासूनची."

"खरं सांगताय, की माझं मन राखताय?"

"यंत्राच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. माणसांच्या बाबतीत बोलतो कधी कधी."

मग विचारलं, "यातलं सगळं निघेल असं नाही. सगळ्यात आधी काय उचलू?" तुला फोन लावला, तू सांगितलंस कुठल्या कप्प्यात आहे ते. त्यांनी ती डबी वायरीनं त्यांच्या कॉम्प्युटरला जोडली. एक हिरवी पट्टी यायची, मुंगीच्या चालीनं सरकायची, मधेच अडायची. डबी तापली की बंद करून गार करायची, परत लावायची. भावजी तिच्याशी बोलत होते, "चल गं, अजून थोडं, मग निजायचंच आहे." मी स्टुलावर बसून पट्टीकडे बघत होते. वाचता येत नाही, पण हिरवं किती झालं ते कळतं. ती दुपार गेली, दुसरी दुपार गेली. शेवटी एकदा मोठ्यानं कट झालं आणि डबी गप्प झाली. परत बोललीच नाही.

"तुमच्या बोलण्याच्या त्रेचाळीस भागांतले एक्केचाळीस आले," भावजी म्हणाले. "दोन गेले."

मग तिच्या जागी नवी डबी बसवली, बिस्किटाएवढी, आत फिरणारं काहीच नाही, सुई नाही न काही नाही. झाकण लावलं. आणि कागदावर बघतो तर एक स्क्रू शिल्लक!

मला हसू आलं. म्हटलं, टाका डब्यात. त्यांनी तो उचलला, डब्यापर्यंत हात नेला आणि परत आणला. म्हणाले, "यात नाही चालायचं वहिनी. यात तुमचं बोलणं आहे." आणि सगळं पुन्हा खोललं. आयुष्यात पहिल्यांदा. तास गेला असेल. त्या नव्या डबीला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा निघाला तो. डबी नुसतीच बसली होती, आज ना उद्या हलली असती.

संध्याकाळी तुझा बाबा आला घ्यायला. "काय झालं होतं हो काका?" भावजी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. "धूळ," म्हणाले. "आणि वय. दुसरं काय."

पन्नासहून जास्त वर्षं झाली गं त्या मशीनला. मी एकदा म्हटलं होतं, मीच खोललं, तेल द्यायला. त्यांनी ते तेवढी वर्षं खिशात सांभाळून ठेवलं होतं बघ.

त्यानंतर त्यांनी दुकान बंद केलं. बारीक स्क्रूंना नजर साथ देत नाही म्हणाले. आता चार वाजता चहाला येतात, पेपर वाचून दाखवतात. आणि माझी तेलाची कुपी घेऊन गेलेत. टाका अडायला लागला की मी निरोप पाठवायचा, मग ते स्वतः येऊन एक थेंब देतात आणि परत घेऊन जातात. जप्त केलीय म्हणे.

ते दोन गेले, त्यातलं एक हे भावजींचं. ते आज झालं लिहून. दुसरं कुठलं होतं ते तुलाही सांगता येत नाही, मलाही. असेल काहीतरी. पण आलेल्यातलं तू त्या रात्री नाही का वाचून दाखवलंस, की आई शिवताना ओठात टाचण्या धरायची, म्हणून आमच्याशी नुसतं हूं-हूं करून बोलायची, आणि आम्हाला त्यातलं "जेवून घ्या" कुठलं नि "गप्प बसा" कुठलं ते बरोबर कळायचं. मी पुरती विसरले होते ते. तू वाचलंस आणि मला तो हूं कानात ऐकू आला.

आता ओरड काय ओरडायचं ते. आणि हे लिहिलंस ते दोन ठिकाणी ठेव. भावजींनी सांगितलंय.