सारवलेली मोटार

मोटार शेणाने सारवायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, हे काय सांगावं लागतं? मला सांगावं लागलं असतं.

मी लग्न होऊन खालापूरकडून कर्जतला आले तेव्हा माझ्यात दोन गुण आहेत असं माझी आई सगळ्यांना सांगायची. एक, मुलगी उलट बोलत नाही. दोन, सारवण चांगलं करते. पहिलं खोटं होतं, त्यामुळे सगळी भिस्त दुसऱ्यावर.

सासरी अंगणात मोटार उभी. आमच्या ह्यांनी ती खोपोलीच्या एका शेटजींकडून घेतली होती, शेटजींनी मुंबईच्या कुणाकडून, आणि त्याआधी ती कुणाची होती हे तिलाच ठाऊक. वर ताडपत्रीचं छप्पर, दोन्ही अंगांना लाकडी बाकं, पायाखाली लोखंडी पत्रा. कर्जत स्टेशन ते कडाव अशी ती उतारू न्यायची. आमचं घर तिच्यावर चाले. आळीत मोटारवाल्याची सून मी एकटीच होते आणि विहिरीवर ही गोष्ट सर्वांना आधीच माहीत असूनही मी ती अधूनमधून सांगत असे.

पण त्या पत्र्याकडे मला बघवेना. चिखल, पेंढा, कोंबड्यांची घाण, पानाच्या पिचकाऱ्या. माहेरी कुणी अशी जमीन ठेवली असती तर तिच्या हातचं पाणी कुणी प्यालं नसतं. एका सकाळी मी मोटार झाडली, पाणी मारलं आणि शेणाचा हात फिरवला. सुरेख बसला. मग रोजचाच नेम झाला. सणावाराला चढायच्या जागी दोन रेघा रांगोळी. सासूबाईंना कौतुक, ह्यांनाही कौतुक. उतारू म्हणायचे, घरात बसल्यासारखं वाटतं. एक म्हातारेबुवा तर चढताना वहाणा काढून हातात घ्यायचे. पावसाळ्यात सारवण वाळेना, तेव्हा मी ओल्यावरच दुसरा थर दिला. इतकी मी हुशार.

मोटारीत एकच गोष्ट मला खुपायची, ती म्हणजे सुकटवाली आजी. स्टेशनापलीकडे तिचं खोपटं होतं. बाजाराच्या दिवशी सुकट, बोंबील आणि खारे बांगडे पाटीत भरून ती कडावला विकायला न्यायची. पाटी मागच्या कोपऱ्यात बाकाखाली सरकवायची, तिच्याखाली स्वतःची एक फळी टाकायची. वासामुळे त्या कोपऱ्यात मी कधी हात घातला नाही. चढताना ती माझ्या सारवणावर फताडे पाय उमटवायची आणि वर विचारायची, "काय गं, आज पुन्ना सारवलंस? मोटार बाळंत झाली का काय?"

मला तिचा राग होता. तिच्या बोलण्याला लोक हसायचे, माझ्या सारवणाला नुसतं बरं म्हणायचे.

दिवाळी झाल्यावर एक दिवस मोटार कडावहून येत होती. एका पाहुण्याने नारळ पायाशी ठेवला होता. उतरायच्या वेळी तो उचलायला वाकला, तर नारळ नव्हता. नारळाच्या जागी रस्ता होता, आणि तो मागे पळत होता. पाहुण्याने आरोळी ठोकली. ह्यांनी गाडी थांबवून पाहिलं तर मधला पत्रा कुजून पापडासारखा तुटत होता.

संध्याकाळी मोटार अंगणात आली तेव्हा आळी गोळा झाली. म्हातारीही आतच होती, पाटी घेऊन उतरत होती. पत्रा कशाने गेला म्हणून ह्यांनी विचारायचा अवकाश, मी दारातून निकाल दिला.

"खाऱ्या पाण्यानं. दुसरं काय? पाटीतून गळतं ते."

म्हातारीने पाटी खाली ठेवली. "अगं बाय, सुकी मासळी हाय ती. सुक्यातनं पाणी गळतं व्हय?"

"मीठ तर आहे ना त्यात?"

"तुज्या जिभेवर पन हाय. म्हनून काय ती गळून पडली?"

लोक हसले. पण वास सगळ्यांनाच नको होता, त्यामुळे हसून झाल्यावर सगळे माझ्या बाजूचे झाले. ह्यांनी खाली मान घालून सांगितलं, "आजी, मासळीची पाटी उद्यापासून मोटारीत नको." आजीने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलली. मला त्या रात्री छान झोप लागली हे लिहिताना आता लाज वाटते, पण लागली होती.

भोकावर फळी टाकून मोटार चालू राहिली. म्हातारी बाजाराला चालत जाऊ लागली. कर्जत ते कडाव, डोक्यावर पाटी. ती पोचेपर्यंत शेतावरच्या बायका खरेदी उरकून परतलेल्या असायच्या, आणि पाटी बरीचशी तशीच माघारी यायची. हे मला ह्यांनी सांगितलं. एकदा मी सासूबाईंबरोबर मोटारीतून कडावला जाताना ती वाटेत दिसली. आमच्या धुळीसाठी ती कडेला सरली, आणि आम्ही धूळ दिली. मी पदर नाकाला लावला. सवयीने.

फळीने भागेना, म्हणून ह्यांनी मिस्त्रीचाचांना आणलं. ते मूळचे खाडीकडचे, आता खालापूरला लोखंडकाम करायचे. त्यांनी बाकं सोडून अंगणात मांडली आणि पत्र्यावर हातोडी वाजवत फिरले. चांगला पत्रा ठण् म्हणायचा, कुजलेला थप् म्हणायचा. थप् म्हणेल तिथे खडूने रेघ. मग छिन्नीने तो भाग कापून काढला आणि खराटा घेऊन उभ्या असलेल्या माझ्यापुढे आणून टाकला.

मी पाहिलं. गंजाला आकार होता. अर्धगोल, त्याला लागून दुसरा अर्धगोल, त्याला लागून तिसरा. आमच्या ओटीवर असतात तसेच. माझा हात जिथवर पुरायचा तिथवर पत्रा गेला होता, आणि जिथे पुरत नव्हता तिथे शाबूत होता. सर्वांत शाबूत मागचा कोपरा होता, पाटीचा. तिथला रंगसुद्धा उडाला नव्हता.

चाचा म्हणाले, "भाबी, ही कुनाची कलाकारी?"

सासूबाई ओटीवरून अभिमानाने म्हणाल्या, "आमची सून सारवते हो. रोजच्या रोज. अंगणासारखं."

चाचांनी अंगणाकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं. "अंगन लोखंडाचं नाय, नशीब तुमचं. शेन ओल धरून ठेवतं, माय. बाकी मोटार वाचली ती तेवढ्या कोपऱ्यात."

जेवताना ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आजीला सांगायला कोन जानार?" आणि पान माझ्याकडे सरकवलं, भात वाढायला. मला कळलं कोण जाणार ते. तरी मी बाजाराच्या दिवसापर्यंत गेले नाही.

चाचांनी डांबराचं जुनं पिंप चिरून, ठोकून सपाट केलं आणि तो पत्रा रिबिटांनी बसवला. काम पक्कं झालं. पुन्हा गंजू नये म्हणून अळशीच्या तेलात शेंदूर कालवून सगळ्या तळाला दोन हात दिले. वरून डांबर द्यायचं होतं, पण ते मिळालं नव्हतं आणि बाजार तोंडावर. "तशीच काढा," चाचा म्हणाले, "शेंदूर वाळलाय." मोटार तशीच निघाली, आतून मारुतीसारखी लालभडक. सासूबाईंनी निघताना हात जोडले.

मी त्याच सकाळी म्हातारीच्या खोपटाशी गेले. ती पाटी भरत होती.

"आजी, मोटारीतून चला."

"कोन बोलावतंय? तुजा नवरा?"

"मीच."

"का गं? आता मीठ गोड झालं?"

मी वाक्य जुळवून आणलं होतं. ते विसरले. "पत्रा माझ्या शेणानं कुजला," मी म्हणाले. "तुमच्या कोपऱ्यात धड आहे."

तिने बोंबलांची जुडी बांधली. मग चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि चुंबळीवर पाटी. "चल."

कर्जतच्या पेठेतून मी चांगल्या लुगड्यात, डोक्यावर खारे बांगडे घेऊन स्टेशनावर गेले. विहिरीवरच्या सगळ्याजणी नेमक्या त्या दिवशी पेठेत होत्या. पदर नाकाला लावायला हात मोकळा नव्हता.

स्टेशनाबाहेर मोटार उभी होती, आणि उतारू मोटारीबाहेर उभे होते. आत कुणी चढेना. हे घामाघूम झाले होते. "अवो, रंग हाय तो!"

वहाणावाले म्हातारेबुवा म्हणाले, "रंग कसला? शेंदूर हाय. शेंदराला पाय लावू व्हय? घरी पोरंबाळं हायत." कुणीतरी आत जास्वंदीचं फूलसुद्धा टाकलं होतं. एकजण चालत निघाला, त्याच्यामागे दुसरा. बाजार गेला असता तर चाचांची मजुरी कुठून द्यायची, हे ह्यांच्या तोंडावर दिसत होतं.

म्हातारीने हे सगळं पाहिलं. माझ्या डोक्यावरून पाटी उतरवली, मोटारीत चढली आणि पाटी बरोबर मधोमध ठेवली, फुलाशेजारी. मग वर तोंड करून म्हणाली, "देव असशील तर ह्यो वास तुला सोसायचा नाय. टाक मला भायेर."

सगळे थांबले. मीही थांबले. मोटारीने कुणालाही बाहेर टाकलं नाही.

"नाय टाकत," म्हातारी म्हणाली. "पत्राच हाय. चला, बाजार उठंल नायतर."

वहाणावाले बुवा आधी चढले, या खेपेला वहाणा घालून. मग बाकीचे. चालत निघालेले दोघे पळत आले. ह्यांनी हँडल मारलं. म्हातारीने पाटी आपल्या कोपऱ्यात सरकवली, फळी न टाकता. माझं काम झालं असं समजून मी घराकडे वळले, तर तिने मागून माझा पदर धरला आणि मला आत ओढलं.

"कुटं चाललीस? बस हितं माज्यापाशी. आन् हात मांडीवर ठेव गं बाय, पत्रा नवा हाय."