बिनविरोध गावातली डमी

आमच्या गावाच्या वेशीवर एक फ्लेक्स होता. त्यावर चेअरमनांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरं: 'बिनविरोध निवडणुकीची परंपरा जपणारे गाव'. वैरागहून आत येताना खड्डे चुकवता चुकवता तो वाचायला भरपूर वेळ मिळायचा.

चेअरमन म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं प्रस्थ. सोसायटीचं चेअरमनपद जाऊन जमाना झाला, पण गाव त्यांना अजून चेअरमनच म्हणतं. पंचायतीची निवडणूक लागली की ते देवळाच्या मंडपात बैठक घेत. कोणत्या वॉर्डातून कोण, सरपंच कोण, हे तिथं अर्ध्या तासात ठरे. सरकारला जे करायला मास्तर, पोलीस, मतदान यंत्रं आणि महिनाभर लागतो, ते आमच्याकडे एका किटली चहात उरकायचं. लग्न होऊन मला या गावात सतरा वर्षं झाली होती. आमदारकीला मत दिलं, खासदारकीला दिलं. पण आमच्या दारातली उघडी गटार ज्या पंचायतीच्या हातात आहे, तिला मत द्यायची वेळ कधी आलीच नव्हती.

मी शिवणकाम करते. नवरा चेअरमनांच्या जीपवर ड्रायव्हर. गेल्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातली एक जागा महिलांसाठी निघाली आणि चेअरमनांच्या सुनेचं नाव ठरलं, तेव्हा डमी म्हणून माझी निवड झाली. डमी म्हणजे, सुनेच्या अर्जात छाननीच्या वेळी काही खोट निघालीच तर हाताशी असावा म्हणून भरून ठेवायचा दुसरा अर्ज. खोट नाही निघाली की डमीनं गुपचूप माघार घ्यायची. नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं, "चेअरमन म्हनले, तुजी बायको गरीब हाय, कुणाला उलटून बोलत न्हाय." हे मला माझ्याबद्दल नवीनच कळलं. नवऱ्यालाही नवीन असावं, कारण सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

अर्ज भरायला आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकुनानं विचारलं, उमेदवार कोण? चेअरमन म्हणाले, "मी सांगतो, तुमी लिवा." शिक्षण किती, तर नवरा म्हणाला, "धावी." मी म्हटलं, "बारावी." तो माझ्याकडे वळून म्हणाला, "व्हय?" सतरा वर्षांत तो विषय निघाला नव्हता.

सह्या करताना एक जास्तीचा कागद पुढे आला. तो माघारीचा अर्ज होता, तारखेची जागा मोकळी. "आत्ताच करून ठेव, पोरी. ऐन टायमाला घाई नगं," चेअरमन म्हणाले. मी केली. एकाच पेनानं मी निवडणुकीला उभीही राहिले आणि बसलेही.

सुनेचा अर्ज छाननीत पास झाला. माघारीच्या दिवशी उमेदवार स्वतः हजर असावा म्हणून मला पुन्हा जीपमधून नेलं. दुपारी तीनपर्यंत मुदत होती. मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून मंडळी समोरच्या गाड्यावर भजी खायला गेली. कागद माझ्या हातात होता आणि वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तोच वाचला. त्यात लिहिलं होतं की मी स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता उमेदवारी मागे घेत आहे. मला आधी हसू आलं. मग हसू गेलं आणि राग आला. खोटं बोलायला माझी तशी हरकत नसते. गिऱ्हाइकाला मी रोज सांगते, ब्लाऊज उद्या नक्की. पण माझी खुशी काय आहे हे दुसऱ्यानं परस्पर टाइप करून आणावं, हे काही मला सोसेना.

पावणेतीनला मंडळी हात पुसत आली आणि मला आत घेऊन गेली. निवडणूक अधिकारी एक मॅडम होत्या. त्यांनी कागद पाहिला, शिक्का उचलला आणि दिवसभर सगळ्यांना विचारत होत्या तसंच मलाही विचारलं, "स्वखुशीनं माघार घेताय ना?"

मी म्हटलं, "नाही."

शिक्का हवेतच राहिला. चेअरमन मागून म्हणाले, "भ्यालीय ती, मॅडम. अगं, व्हय म्हन की!" मॅडमनी चेअरमनांना बाहेर थांबायला सांगितलं. चेअरमनांना कुणी बाहेर थांबायला सांगितल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तेही पहिल्यांदाच ऐकत असल्यामुळे त्यांना दार कुठे आहे ते पटकन सापडेना. भिंतीवर तीन वाजले. बाकीच्या सगळ्या जागा बिनविरोध झाल्या, फक्त आमच्या वॉर्डात मतदान लागलं. दारात नवरा जीपची किल्ली हातात घेऊन उभा होता आणि त्याच्या तोंडावर एकच प्रश्न होता, की ही किल्ली उद्या आपल्याकडे राहणार का.

लागलीच चिन्हं वाटली. मी शिलाई मशीन मागणार हे उघड होतं, म्हणून चेअरमनांनी ते सुनेसाठी मागितलं. त्यांचा अर्ज आधीचा, म्हणून त्यांना मिळालं. त्या सुनेला सुईत दोरा ओवता येत नाही, तिचे ब्लाऊज मीच शिवते. मला रोड रोलर मिळाला. आमच्या गल्लीत आलेला तो पहिलाच रोड रोलर.

परत येताना मला जीपमध्ये जागा नव्हती. मी एसटीनं आले. नवरा तीन दिवस आपलं ताट आपणच वाढून घेत होता. चौथ्या दिवशी म्हणाला, "माजी नोकरी घालिवलीस." मी मान खाली घालून काज करत राहिले, कारण त्याचं खरं होतं आणि मला भीती वाटत होती. पण चेअरमन हिशेबी माणूस. ड्रायव्हरला काढलं तर सगळी गल्ली माझ्याकडे वळेल, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी त्याला जीपवरच ठेवलं आणि वर भोंगा बांधला. मग माझाच नवरा माझ्याविरुद्धचा प्रचार गल्लीगल्लीतून फिरवायला लागला. शिलाई मशीनसमोरील बटण दाबा, प्रचंड मतांनी विजयी करा. आमच्या दारापुढे आला की भोंगा बंद करायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि पुढच्या घरापाशी परत सुरू करायचा.

चेअरमन स्वतः हात जोडत आमच्या गल्लीत आले. धोतर सावरत गटार ओलांडताना त्यांनी विचारलं, "ही कवापास्नं उघडी हाय?"

"तुमी चेअरमन झाला तवापास्नं," माझी शेजारीण म्हणाली. ती सत्तरीची, एकटी राहणारी म्हातारी, आणि तिला कुणाच्या बापाची भीती नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे बायकांची रांग लागली. ठेवणीतली लुगडी, पातळं नेसून आल्या होत्या. रांगेत नुसती कुजबूज चालली होती आणि सगळ्या उगाच हसत होत्या. निकाल तालुक्याला लागला. मी सात मतांनी पडले. डिपॉझिट वाचलं वगैरे समजूत सगळ्यांनी घातली, पण घरी येऊन मशीनवर डोकं टेकून मी चांगली रडले.

तेवढ्यात शेजारची म्हातारी आली. "रडती कशाला? आमी सगळ्या म्हाताऱ्यांनी तुलाच दिलं की. म्या रांगेतच एकेकीला सांगितलं, आपल्या पोरीचं मशीन हाय, मशीनवरच दाबा."

मी डोळे पुसले. विचारलं, "मावशी, किती जणी होता?"

"धा-बारा तरी असू."

मी सांगायला तोंड उघडलं. ती इतक्या अभिमानानं उभी होती की मिटून घेतलं. "लई चांगलं केलं, मावशी," म्हणाले आणि तिला चहा टाकला.

चेअरमनांची सून सदस्य झाली. जिंकले तरी चेअरमनांना झोप नाही. मला जेमतेम वीस मतं पडतील असा त्यांचा अंदाज होता, पडली शंभरावर. ती कुणाची, हे कळायला काहीच मार्ग नाही. मंडपातल्या बैठकीत समोर कोण गप्प बसलंय ते दिसायचं. आता दिसत नाही. म्हणून ते हल्ली आमच्या वॉर्डात दिसेल त्याला आधी नमस्कार करतात. नवऱ्याच्या हातून किल्लीही काढून घेतली नाही. त्यांचा सगळ्यात जास्त संशय म्हातारीवर. तिच्या गुडघ्यांची चौकशी करायला ते दोनदा स्वतः येऊन गेले, आणि मागच्या आठवड्यात तिला बार्शीला डॉक्टरकडे न्यायला जीप पाठवली.

परत आल्यावर नवऱ्यानं तिला हात देऊन खाली उतरवलं. ती माझ्या दारात टेकली आणि खुशीत म्हणाली, "बगितलंस? माज्या एका मताला किती भेतंय त्ये!"

"व्हय, मावशी," मी म्हटलं. "लई भेतंय."