जावयाच्या घराबाहेर

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला आले. नागपूरच्या घरात ते एकटेच राहत होते आणि त्याआधीच्या हिवाळ्यात बाथरूममध्ये घसरून पडले होते. शेजाऱ्यांना कळायला अर्धा दिवस गेला. मी एकुलती एक. तेव्हा त्यांनी आता कायमचं आमच्याकडे राहावं, असं मी आणि नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. व्हिसाचं वकिलाशी बोलूनही झालं होतं. फक्त बाबा हो म्हणत नव्हते. तसं नाहीही म्हणत नव्हते. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. तोवर विचार करतो, एवढंच ते म्हणायचे.

विचार करायला त्यांनी आमच्या सोफ्याचा एक कोपरा निवडला होता. तिथून ते सहसा उठत नसत. तहान लागली तर नळाचं पाणी पीत, पण फ्रिज उघडत नसत. हीटिंग वाढवायचं असेल तर मला विचारत आणि मी ऑफिसात असले तर स्वेटर घालून बसत. रस्त्यात कोणी ओळख काढली की सांगत, मी जावयाकडे आलोय. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे हे मी त्यांना तीनदा सांगितलं. ते दर वेळी छान म्हणाले.

माझा नवरा पुण्याचा, आणि सासऱ्यांशी वागण्यात तर फारच पुण्याचा. बाबा कप उचलायला लागले की हा धावत जाऊन, बाबा तुम्ही बसा, म्हणायचा. बाबा बातम्या बघत असले आणि हा खोलीत आला की ते उठून रिमोट त्याच्या हातात द्यायचे. मग तुम्ही बघा, नाही तुम्हीच बघा, असं चालायचं आणि शेवटी कोणीच काही बघत नसे. मी एकदा दोघांवरही ओरडले. त्यानंतर ते माझ्यासमोर जपून आणि माझ्यामागे पुन्हा तसेच वागू लागले.

मोटरहोमची, म्हणजे शेगडी, पलंग, संडास सगळं आत असलेल्या गाडीची कल्पना नवऱ्याची. बाबांना बाहेरचं खाणं सोसत नव्हतं आणि हॉटेलच्या खोलीत कुकर लावता येत नाही, म्हणून ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला जोडून आम्ही एक भाड्याने घेतली. गाडी आम्ही समजलो होतो त्यापेक्षा बरीच लांब निघाली. वेल्समधल्या अरुंद रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला की नवरा पोट आत ओढून घ्यायचा, जणू त्याने गाडी बारीक होणार होती. काचेला चिकटवलेला, रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह दर वळणावर गळून पडे. बाबा मागे खिडकीशी बसून मेंढ्या बघत होते.

आम्ही मुक्काम केला ते हॉलिडे पार्क समुद्राच्या वरच्या अंगाला होतं. एका बाजूला कायम जागेवरच उभ्या असणाऱ्या स्टॅटिक कॅरॅव्हॅनच्या रांगा, प्रत्येकीपुढे फुलांच्या कुंड्या, मध्ये क्लबहाउस, त्यात संध्याकाळी बिंगो, आणि टोकाला आमच्यासारख्या येऊन-जाऊन असणाऱ्यांसाठी हिरवळीचे तुकडे. प्रत्येक तुकड्यावर विजेचा एक खांब. आमचा तुकडा उतरता होता. नवरा केबल कुठे खुपसायची ते शोधत असताना बाबा खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि मला म्हणाले, एका वाटीत पाणी दे.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. माझं लहानपण एका धरणाच्या कॉलनीतून दुसऱ्या धरणाच्या कॉलनीत सामान हलवण्यात गेलं. त्यांनी वाटी शेगडीशेजारी ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं, चाकं त्या प्लास्टिकच्या पाचरांवर चढव. अजून थोडं. थांब. मागे घे. मी ऐकतच राहिले. वॉटफर्डला ते त्याला जावईबापू म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. इथे सरळ नावाने हाक आणि एकेरी. नवऱ्याने निमूटपणे गाडी पुढे-मागे केली आणि वाटीतलं पाणी सारखं झाल्यावर त्याला परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती आल्याच्या वासाने. बाबांनी फ्रिजमधून दूध काढून चहा केला होता. मी कप घेतला. बोलले तर बिघडेल, असं वाटलं. मग त्यांनी कामं वाटून दिली. पाणी ते भरणार, स्वयंपाक माझ्याकडे, आणि संडासाची टाकी जावयाने रिकामी करायची. ही टाकी म्हणजे गाडीच्या पोटातला एक मोठा डबा. तो ओढून काढायचा आणि पार्कच्या कोपऱ्यातल्या हौदात ओतून यायचं. आमच्याकडे मुलीच्या बापाने जावयाला पाण्याचा पेला आणायला सांगणंही कठीण, आणि इथे बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, जा रे, भरला असेल. हा गेला. परत येताना तोंड अगदी खुललेलं होतं. मला वाटतं, त्याला घरातलं माणूस कोणी पहिल्यांदाच मानलं होतं.

शेजारच्या गाडीतला म्हातारा इंग्रज चौकशीला आला. गाडी कोणाची, असं त्याने सहज विचारलं. भाड्याची आहे हे बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. बाबा म्हणाले, आमची. मग त्याला आत नेऊन त्यांनी शेगडी दाखवली, पलंग कसा घडी होतो ते दाखवलं आणि पोहे खायला घातले. मला विचारलंसुद्धा नाही.

रात्री नवरा कुजबुजला की आता काही काळजी नाही, परत गेलो की मागची खोली रिकामी करायला घेऊ. मलाही तसंच वाटलं. इतकी हलकी मी आई गेल्यापासून झाले नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नवरा आंघोळीला गेला असताना मी विषय काढला. आम्ही दोघं दाराशी खुर्च्या टाकून बसलो होतो, मी पावटे सोलत होते. वकिलाकडे कधी जायचं, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, नको जाऊ. ऑक्टोबरात ते परत जाणार होते.

माझा आवाज चढला. इथे इतके मोकळे वागता, मग घरी काय होतं, असं मी विचारलं. पुन्हा पडलात तर कोण आहे तिथे, तेही विचारलं. जावई माझा सोन्यासारखा आहे, तो प्रश्नच नाही, असं ते म्हणाले.

"मग?"

"त्याच्या घरात मी मुलीचा बाप असतो. इथं नुसता तुझा आहे."

हे असलं आता कोणी मानत नाही, मी म्हणाले. मुलीचं घर आणि मुलाचं घर वेगळं नसतं. तुम्ही शिकले-सवरलेले, तुम्ही तरी असं बोलू नका.  बाबांनी माझ्या मांडीवरच्या शेंगांतल्या थोड्या आपल्याकडे घेतल्या आणि सोलायला लागले.

"तू नागपूरला येतेस," ते म्हणाले, "तुझ्या कपाटाचा खण मी पुसून रिकामा करून ठेवतो. दर वेळी. तू कपडे बॅगेतच ठेवून राहिली इतकी वर्षं. बॅगेतून काढते, बॅगेत घालते."

मी आठवून पाहिलं. खरं होतं. लग्नानंतर मी त्या कपाटात एक ओढणीसुद्धा लावली नव्हती. कोणी सांगितलं नव्हतं तसं, मनातही काही नव्हतं. चार दिवसांसाठी कशाला, असं दर वेळी वाटलं होतं.

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. आता घाईघाईने काही वचन द्यावं तर ते खोटं वाटलं असतं. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून क्लबहाउसच्या बाजूने येताना दिसत होता.

"मग बाबा, आपलं घर कुठलं?"

त्यांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं. चेष्टेत बोलले नाहीत, वाईट वाटून घेऊनही बोलले नाहीत. धरणाच्या साइटवर कोणी काही विचारलं तर सांगायचे, तसंच सांगितलं.

"उद्या सकाळपर्यंत हे."