रंग न सोडणारी बॅग

तर ती बादली. गल्लीत त्याला बुडव्या म्हणत ते तिच्यामुळेच. त्यानं कुणाचं काही बुडवलं नव्हतं, हा गडी चामडं बुडवायचा. हातानं बॅगा शिवणारा कारागीर; एका खिडकीची खोली, खिडकीखाली पाट, पाटावर चामडं कापायची रापी, दाभण आणि मेणाचा गोळा. पायाशी बादली. सात वर्षं तिच्यात रोज एक रंगवलेला तुकडा पडायचा आणि पाणी तपकिरी झालं की तो तोंड कडू करून मोरीत ओतायचा. बायको म्हणायची, "याच बादलीतून आंघोळ करतेय मी. एक दिवस मीच अँटिक होईन."

वेड एकच, नवी बॅग पन्नास वर्षं वापरल्यासारखी दिसावी. गडद रंग चोळायचा, लगेच पुसून घ्यायचा. सुरकुत्यांत काळोख राहतो, कडा उजळतात. बघणाऱ्याला हात फिरवल्याशिवाय राहवायचं नाही. पण पाणी लागलं की रंग सुटलाच. वरून लाखेचा हात दिला तर रंग थांबे, पण बॅग शाळेच्या बुटासारखी चकाके. जुनेपणाचा मुडदा पडे. म्हणून तो लाख द्यायचाच नाही. गिऱ्हाइकाला सांगायचा, पाण्यापासून जपा म्हणजे झालं.

अशीच एक बॅग त्यानं मुलीच्या खांद्याला अडकवली, ती नोकरीच्या मुलाखतीला निघाली तेव्हा. वाटेत सर आली. साहेबांपुढे तिनं प्रमाणपत्रं काढली ती चहातून काढल्यासारखी, आणि तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत ओघळ. नोकरी दुसरीला मिळाली. घरी यानं सांगून टाकलं, कातड्याच्या व्यापाऱ्यानं फसवलं, माल खराब निघाला. मुलीनं मिळेल ते काम धरलं, पुढं लग्न होऊन गेली. खांद्याला रेक्झिनची पिशवी. बापाची बॅग तिनं पुन्हा उचलली नाही. ती उचलेल अशी बॅग करायची, म्हणून ही बादली.

सापडलं ते घाई सोडल्यावर. रंग एका दिवसात वाळतो हे तो कायम धरून चाललेला. एकदा तापानं अंथरुणाला खिळला, तुकडे चार दिवस तसेच राहिले, रंग आत मुरला. मग त्यावर मधमाशीचं मेण आणि जवसाचं तेल, ब्रशनं नाही, तळहाताच्या उबेनं जिरवलं. तुकडा दिवसभर बादलीत. पाणी नितळ, जुनेपण जिथल्या तिथं.

नवी बॅग घेऊन तो लेकीच्या दारात उभा. तिनं प्यायला पाणी दिलं, उरलेलं पांढऱ्या रुमालावर ओतलं आणि पट्टा घासायला बसली, करपलेलं भांडं घासावं तशी. रुमाल पांढराच. तिनं बॅग खांद्याला लावून बघितली. बाप असा खुलला की तोंडाला लगामच राहिला नाही. आधी रंग कसा सुटायचा, लाख दिली की रूप कसं जायचं, म्हणून आपण ती कधीच कशी दिली नाही, सगळं हातवारे करकरून सांगून बसला.

तिनं बॅग उतरवली, त्याच्या मांडीवर ठेवली.

"म्हणजे व्यापाऱ्यानं फसवलं नव्हतं. बाबा, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

बुडव्यानं पट्ट्यावरून अंगठा फिरवला, कडेपर्यंत.

"माहीत होतं. पण आभाळ स्वच्छ होतं गं, आणि तुझ्या खांद्यावर ती फार सुरेख दिसत होती."