केबल घरी आणायची

सोलर पंप बसला तेव्हा माझे सासरे म्हणाले होते, "आता लाईटीची वाट पाहत रातच्याला शेतात बसणं बंद." ते बंद झालंही. पण वर्षाच्या आत चोरट्यांनी कंट्रोलरपासून बोअरपर्यंतची केबल कापून नेली. पॅनलला हातही लावला नाही. पॅनल ओळखू येतं, वितळलेलं तांबं ओळखू येत नाही.

जुन्या जालन्यातल्या दुकानदाराने हात वर केले. "ताई, मालच येऊन न्हाई राह्यला. सोलरला तांबं, बॅटरीच्या गाडीला तांबं, अन् ते येतंय समुद्रापलीकडून. तिकडं जरा खुट्ट झालं की इकडं आमचे रॅक रिकामे." ऊन फुकट आहे, हे आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. ते पाण्यापर्यंत पोचवणारी तार दुसऱ्याच्या देशातून येते, हे कुणी बोललं नव्हतं. केबल मिळेस्तोवर आमच्या बागेतल्या मोसंबीने पानं गुंडाळली.

नवी केबल आल्यावर गावात पडलेली रीत आम्हीही उचलली. संध्याकाळी केबल सोडायची, वेटोळं करून मोटरसायकलवर घरी आणायची, सकाळी नेऊन परत जोडायची. आमची केबल सासऱ्यांच्या खाटेखाली झोपायची. आत तीन वायरी, तीन रंगांच्या. त्या जोडायचा मान सासऱ्यांचा. त्यांना हल्ली कमी दिसायचं, पण तसं म्हणायची सोय नव्हती. म्हटलंच तर उत्तर तयार असायचं, "माझ्या हाताला ठावं हाय सगळं."

चैत्रात पाणी करंगळीएवढं झालं. शेजारी म्हणाले, बोअर आटला. उन्हाळ्यात हे कुणालाही पटतं, आम्हालाही पटलं. सासरे दोन-चार दिवस बागेत ओळीओळीने फिरले. मग म्हणाले, "दोन वळी तोडाव्या लागतेल. सगळ्यायला पाजत बसलो तर एक बी झाड जगायचं न्हाई." झाडं त्यांनी स्वतः लावलेली. मजूर लावू म्हटलं, तर नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते उजाडताच कुऱ्हाड घेऊन बागेत गेले, म्हणून दुपारी केबल मी जोडली. माझ्या हाताला काहीच ठाऊक नव्हतं. लालला लाल, पिवळीला पिवळी, निळीला निळी, असं बघून बघून जोडलं आणि बटण दाबलं. पाण्याने पाइप उडवला.

मला आनंद झाला, आणि लगेच प्रश्न पडला, आटलेल्या बोअरला एवढं पाणी कुठून? दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "दोन वायरींची अदलाबदल झाली असंल. मंग मोटर उलटी फिरती अन् पाणी नावालाच चढतं." म्हणजे बोअरला काहीच झालं नव्हतं.

पाण्याचा आवाज ऐकून सासरे आले. कुऱ्हाड हातातच होती. दोन्ही ओळी आडव्या झाल्या होत्या.

"मामा, वायरी उलट्या लागल्या होत्या," मी म्हणाले. कुणी लावल्या, ते मी बोलले नाही.

"मीच जोडीत होतो," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला होता. तो तिथेच विरला आणि फार वाईट वाटलं.

त्यांनी कुऱ्हाड ठेवली, फावडं घेतलं आणि पाण्याचा दांड वळवला. उभी झाडं तहानलेली होती. पण त्यांनी पाणी आधी त्या दोन ओळींच्या आळ्यांत सोडलं, एकेका बुंध्यापाशी थांबून. मी त्यांना अडवलं नाही.