मॅडम, बाल्कनी आत कधी घ्यायची?

आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग्जना वाळवी लागते, मॉडेल्सवर धूळ बसते, क्लायंट फोन उचलेनासे होतात. टिकतात ते फक्त किस्से. त्यातही शाळेच्या कामाचे जरा जास्तच, कारण बंगला बांधताना नवरा-बायको दोघंच भांडतात, शाळेला मात्र अख्खी कमिटी असते! माझा पार्टनर सुहास आणि मी, वसईत आमचं छोटंसं ऑफिस. नालासोपारा पश्चिमेला, जिथे टॉवर संपून वाड्या सुरू होतात, तिथे आम्ही एका संस्थेची शाळा बांधली. अजूनही कोणी भेटलं की विचारतं, "काय गं, झाली का तुझी ती हेल्दी शाळा?" मी म्हणते, आधी चहा सांग, मग ऐक.

* * *

संस्थेची जुनी शाळा स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर, गाळ्यांमध्ये भरायची. म्हणजे एका बाजूला मोबाइल रिपेअरिंग, दुसऱ्या बाजूला चिकन सेंटर आणि मधे सातवी ब! रस्त्याच्या आवाजामुळे शटर अर्धं खाली. दिवसभर ट्यूबलाइट. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि मागची दोन बाकं चक्क झोपलेली होती.

मुख्याध्यापिका लोपीस बाई आम्हाला वर्ग दाखवत होत्या. सडपातळ, शांत, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. सुहासने हळूच विचारलं, "मुलं जरा डल आहेत का?"

"मुलं नाही, हवा डल आहे," बाई म्हणाल्या. "यांना पाच मिनिटं मैदानात सोडा, मग तुम्हीच म्हणाल आत घ्या!"

कमिटीने आम्हाला ऑडिटोरियम, लिफ्ट, कारंजं असं काय काय सांगितलं होतं. बाईंची मागणी एकच होती. "दुपारी मागच्या बाकावरचं मूल जागं राहिलं पाहिजे. बाकी तुम्हाला काय बांधायचं ते बांधा. मी दोन वर्षांनी, मेमध्ये रिटायर होतेय. त्याआधी अशा एका वर्गात शिकवायचंय मला."

इतका स्पष्ट क्लायंट मला आयुष्यात भेटला नव्हता. मी तिथेच बाईंच्या प्रेमात पडले.

* * *

डिझाइन साधंच होतं. प्रत्येक वर्गाला दोन्ही बाजूंनी खिडक्या आणि उन्हाच्या बाजूला रुंद व्हरांडा, म्हणजे ऊन-पाऊस बाहेर राहणार आणि उजेड-वारा आत येणार. सुहासने मात्र प्रेझेंटेशनमध्ये 'क्रॉस व्हेंटिलेशन', 'डेलाइट', 'थर्मल कम्फर्ट' असा काही धुरळा उडवला की कमिटी भारावून गप्प झाली.

प्रश्न फक्त पाटकरांनी विचारला. पाटकर संस्थेचे खजिनदार, सातिवलीला त्यांचं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं युनिट. ते प्लॅनवर वाकले, व्हरांड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, ही बाल्कनी आत कधी घ्यायची?"

तुम्ही वसई-विरारचे नसाल तर सांगते. आमच्याकडे फ्लॅटचा ताबा मिळाला की वास्तुशांत आधी करायची की काचा लावून बाल्कनी आधी आत घ्यायची, एवढाच काय तो घरात वाद असतो. बाल्कनी उघडी ठेवणारा माणूस भाडेकरू तरी असतो किंवा वेडा.

"अहो, ती सावलीसाठी आहे," सुहास म्हणाला.

"मग आत घेतल्यावर तर पूर्णच सावली होईल की!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष भाऊंनी समेट केला. भाऊ म्हणजे गिरीजचे बागायतदार, केळी-नारळाच्या वाड्या, शाळेची जमीनही त्यांनीच दिलेली. ते म्हणाले, "आता उघडीच बांधा. आत घ्यायचं ते नंतर बघू."

'नंतर बघू' या दोन शब्दांनी माझी वर्षभराची झोप उडवली. कारण व्हरांडा बंद झाला की वर्ग पुन्हा गाळाच!

* * *

खिडक्या पाटकरांनी दान द्यायचं जाहीर केलं. स्लाइडिंगच्या. मी सातिवलीला त्यांच्या युनिटमध्ये जाऊन समजावलं की सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते, म्हणजे अर्धीच हवा.

"मग त्यात काय मॅडम?" पाटकर म्हणाले. "सकाळी ही बाजू उघडा, दुपारी ती!"

मी हात टेकून परत आले. बाईंनी काय केलं? त्या पाटकरांना म्हणाल्या, "दात्याचं नाव प्रत्येक खिडकीवर घालू या. पण भिंतीवर पाटी लावली तर कोण बघतं? झडपांवर घालू. बाहेर उघडणाऱ्या झडपा करा, आतल्या बाजूला नाव. झडप पूर्ण उघडून भिंतीला टेकली की जाणारा-येणारा प्रत्येक जण वाचेल."

पाटकरांनी सरकत्या खिडक्या रद्द केल्या. आता ते शाळेत आले की आधी कुठल्या वर्गाच्या झडपा लावलेल्या आहेत ते बघत फिरतात आणि शिपायाला ओरडतात, "अरे, पोरांना हवा नको का?"

* * *

गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली मोठी टाकी केली होती. गच्चीचा स्लॅब टाकून जेमतेम महिना झाला असेल, ग्रीन सर्टिफिकेट देणारे एक साहेब पाहणीला यायचे होते. ऐन उन्हाळा. टाकी अर्थातच कोरडी ठणठणीत.

भाऊंना ते काही पटेना. पाहुणा घरी येणार आणि आपलं भांडं रिकामं? त्यांनी आम्हाला न विचारता सकाळीच टँकर मागवून टाकी काठोकाठ भरली.

साहेबांनी झाकण उघडलं. पाणी बघून चमकले. "हे पावसाचं?"

"हो तर!" भाऊ म्हणाले. "गेल्या वर्षीचं."

साहेबांनी वर बघितलं. "पण गेल्या वर्षी इथे छप्परच नव्हतं."

सुहासने डोळे मिटून घेतले. भाऊ मात्र जराही अडखळले नाहीत.

"म्हणून तर थेट आत पडलं!"

* * *

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मी मुद्दाम जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. जुन्या शाळेत दोन वर्गांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. एकीकडे भूगोल, पलीकडे पाढे, त्यामुळे सगळ्या शिक्षकांना ओरडून शिकवायची सवय. नव्या वर्गाच्या भिंती जाड. मागच्या भिंतीला आवाज शोषणारे बोर्ड. पण सवय जाते कुठे? गणिताच्या टीचर अपूर्णांक असे शिकवत होत्या की पलीकडच्या वाडीतले कावळे उडाले.

पहिल्या बाकावरची एक मुलगी घाबरत उभी राहिली.

"टीचर, आम्ही काय केलं?"

टीचर थांबल्या. मग त्या इतक्या हळू बोलल्या की मला ऐकूच आलं नाही, आणि शेवटच्या बाकाने उत्तर दिलं! मी सुहासला फोन केला आणि फोनवर रडले. तो म्हणाला, "अगं, लीकेज आहे का?"

* * *

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून एक नामवंत वक्ते आणले होते. मैदानात कापडी मंडप, स्टेजवर दोन कूलर, पाहुण्यांच्या पाठीमागे टेबलफॅन. ते निसर्ग, खेळती हवा आणि आपल्या पूर्वजांचं शहाणपण यावर भरपूर बोलले. विजेवर अवलंबून राहणं ही आजच्या पिढीची गुलामी आहे, असंही म्हणाले. टाळ्या झाल्या आणि वीज गेली.

दोन मिनिटांत पाहुण्यांचा झब्बा अंगाला चिकटला. बाई वाकून अदबीने म्हणाल्या, "सर, वर्गात चलता का? गार आहे आत."

पाहुण्यांनी कपाळ पुसलं. "आत नको हो बाई. आत तर पंखेसुद्धा बंद असतील!"

* * *

आणि आता तो 'नंतर बघू'.

एप्रिल आला. वर्ग कसे झाले होते ते मी सांगत बसत नाही, बाईंनी मागितलं होतं तसे झाले होते. आणि नेमकं तेव्हाच कमिटीने व्हरांडा आत घ्यायचा विषय काढला. कॉम्प्युटर रूम हवी, स्टोअर हवं, शिवाय एवढी जागा फुकट जातेय! पाटकरांकडे काचा आणि अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन तयारच होते. कमिटीत सातपैकी सात जण अनुकूल. बाई मेमध्ये जाणार, मग नव्या मुख्याध्यापकांनी कशाला वैर घ्यावं? मी बाईंना म्हटलं, "सगळं वाया जाणार हो."

बाई म्हणाल्या, "मीटिंग मी लावलीय. शनिवारी अडीचला. तुम्ही दोघंही या."

शनिवारी भाऊंच्या नातीचा साखरपुडा होता, गिरीजला. अख्ख्या कमिटीला जेवणाचं आमंत्रण. मसालेभात, श्रीखंड-पुरी, वर भाऊंचा आग्रह. अडीचला सगळे जेवणावरून थेट शाळेत आले. सुहाससुद्धा त्यांच्याच गाडीतून उतरला, पान चघळत.

"मीटिंग हॉलमध्ये बसू, एसी लावा," पाटकर म्हणाले.

"चावी सापडत नाहीये," बाई म्हणाल्या. "दहावीच्या वर्गात बसू या."

शाळा सुटली होती. वर्ग रिकामा, झडपा सताड उघड्या. व्हरांड्याची सावली, पलीकडच्या केळीवरून येणारा वारा. मंडळी बाकांवर बसली. बाईंनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. त्या आधीच हळू बोलतात, त्या दिवशी आणखीच हळू वाचत होत्या. एकेक वाक्य, मग थांबणं, मग पुढचं वाक्य.

आधी भाऊंची मान छातीवर आली. मग दोन सभासद एकमेकांना टेकले. पाटकर बराच वेळ लढले, डोळे ताणून ताणून बघत होते, शेवटी बाकावर हात आडवे ठेवून त्यावर डोकं टेकलं. एक एक करत उरलेले तिघेही गेले. सुहास माझ्या शेजारी कधीच घोरत होता.

बाईंनी कागद मिटला. खडू घेतला, फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'व्हरांडा कायम उघडा राहील.' मग वर्गाकडे वळल्या.

"ठराव मांडला आहे," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "ज्यांचा विरोध असेल त्यांनी कृपया हात वर करावा."

कोणी हललं नाही. बाई रीतसर थांबल्या. तेवढ्यात पाटकरांचा हात उचलला गेला.

पाटकरांनी मान खाजवली आणि हात परत डोक्याखाली घेतला.

"सर्वानुमते," बाई म्हणाल्या, आणि पाटकरांच्या मानेवरचा डास हळूच उडवून लावला.