आडनावानं आलेली हाक

आमच्या गावात आडनावानं कुणी हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. भोकरदन तालुक्यातलं ते लहानसं गाव, आणि अर्ध्या घरांचं आडनाव एकच. एकाला बोलवावं तर पन्नास माणसं धोतर सावरत बाहेर यायची. म्हणून त्या दुपारी बाराच्या सुमारास कुणीतरी खणखणीत आवाजात आडनाव पुकारलं, तेव्हा खरं तर पन्नास जणांनी दचकायला हवं होतं. दचकलो मी एकटा. नुसता दचकलो नाही, खाटेवरून उडी मारून टाचा जुळवल्या, छाती पुढं काढली आणि "येस उस्ताद!" असा बार उडवला की पत्र्यावरची कबुतरं उडून गेली.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. लष्करात अधिकारी होण्यासाठी मी उत्तरेकडं प्रशिक्षण घेत होतो आणि पहिली उन्हाळी सुट्टी त्याच दिवशी संपत होती. उस्ताद म्हणजे आमची कवायत घेणारा हवालदार. सहा महिन्यांत त्यानं माझ्या हाडात एकच गोष्ट मुरवली होती: आडनाव कानावर पडलं की पहिल्याच हाकेला ओ.

आई डब्यात चटणी भरत होती. ती तशीच बाहेर आली.

"कुणाला ओ दिली?"

"हाक आल्ती ना!"

"मला न्हाई आली. किती हाका मारल्या?"

"एक."

तिचा चेहरा पडला. "एका हाकेला ओ दिली? भर बारा वाजता? लहानपणापासून सांगून राह्यले, तीनदा बोलवल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई."

"आई, तिथं दुसऱ्या हाकेची वाट बघितली तर रायफल डोक्यावर धरून पळवतेत."

"तिथलं तिथं. हितं एकदाच हाक मारणारा माणूस नसतो."

मी गल्लीत डोकावलो. ऊन इतकं पांढरं की भिंतींना सावलीच नव्हती. समोरच्या ओट्यावर शिवणयंत्रापाशी बसलेले शेजारचे चाचा तेवढे जागे होते.

"चाचा, मला कुणी बोलावलं?"

"न्हाई बेटा. तुम्हारा जवाब बराबर सुना. सवाल किसने किया, मालूम न्हाई." ते हसले, पण मशीन काही पुन्हा चालू केलं नाही.

आईनं फर्मान काढलं, "आज जायचं न्हाई."

आता पाहा, भुताच्या कृपेनं एक दिवस रजा! खोटं कशाला बोलू, क्षणभर मला गुदगुल्या झाल्या. मग हिशेब आठवला. दोनची एसटी चुकली की जालन्याची रेल्वे चुकणार, रेल्वे चुकली की हजेरी चुकणार, आणि हजेरी चुकली की सहा महिने मागं, नव्या पोरांच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून. आईलाही ते ठाऊक होतं. तिनं चटणीचा डबा बंद करून माझ्या ट्रंकेत ठेवला.

"मंग असं करू," ती शेवटी म्हणाली. "फाट्यावर मी तुला तीनदा हाक मारते. दोनदा गप राह्यचं, तिसरीला ओ द्यायची. म्हणजे तुझी ओ माझ्याकडं येईल, त्याच्याकडं राह्यची न्हाई."

फाटा म्हणजे डांबरी सडक, एक बाभूळ आणि दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. लांबवर माणूस नव्हता. मी ट्रंक खाली ठेवून सडकेकडं तोंड केलं. आई वीस पावलं मागं थांबली.

तिनं पहिली हाक मारली. माझं नेहमीचं नाव. मी गप्प.

दुसरी हाक. मी गप्प. वळणावर एसटीचा धुरळा दिसला.

तिसरी हाक आली. आईचाच आवाज, तेच नाव. ओ अगदी ओठावर आली होती. पण आवाज मागून नव्हता आला. तो समोरून, सडकेपलीकडच्या मोकळ्या रानातून आला होता.

मी मान वळवली. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि ती जोरजोरात मान हलवत होती. तिनंही ऐकलं होतं.

मी ओ दिली नाही. सहा महिन्यांचं शिक्षण घशात दाबून उभा राहिलो. एसटी येऊन थांबली.

"चढतो का न्हाई, साहेब? का आम्ही बी हितंच उभं राह्यचं?" कंडक्टर ओरडला.

मी ट्रंक आत ढकलली, पायरीवर चढलो. गाडी हलली, आणि आई धावत आली. तिनं एक भलतंच नाव घेऊन हाक मारली.

माझं रासनाव. बारशाच्या वेळी पंचांगातून काढलेलं आणि कुणा माणसाला की भुताला कळू नये म्हणून तिनं वीस वर्षं तोंडाबाहेर न काढलेलं. मी कितीदा विचारलं होतं, तिनं मलाही सांगितलं नव्हतं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो, तरी ते माझंच आहे याची तिळभर शंका आली नाही. दाराच्या दांडीला लोंबकळत मी ओरडलो, "ओ, आई!"

ती थांबली. रान गप्प होतं.

"म्हातारी कुणाला बोलवून राह्यली?" कंडक्टरनं तिकीट फाडत विचारलं.

"मला."

हजेरीला मी वेळेवर पोचलो. ते नाव मात्र इथं लिहिणार नाही. आईनंतर ते फक्त मला माहीत आहे. आमचा फाटा अजून तिथंच आहे, आणि दुपारचे बारा रोज वाजतात.